न वाजलेला डबा

सुषमा, विवेक समोर बसलाय लिहून घ्यायला. मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर एक पान द्यायचं आहे म्हणे, घरच्यांनीच लिहावं म्हणे. तो म्हणाला, "आई, माझ्याने नाही होणार, तू बोल, मी उतरवतो." मी म्हटलं, तिसरी शिकलेल्या बाईचं काय छापणार रे. तर पेन उघडून बसला. तुझा नवरा तसाच आहे अजून. तेव्हा मीच बोलते. तुझं शिक्षण, नोकरी, ते सगळं शोकसभेत दुसऱ्यांनी सांगून झालं, माळा घालून झाल्या. मला ते नाही सांगायचं. मला डब्याचं सांगायचं आहे. तू टेबलावर ठेवून गेलीस त्या डब्याचं पुढे काय झालं, ते तुला कोण सांगणार माझ्याशिवाय.

पण आधी मागचं बोलू दे. सरळ डब्यावर आले तर मलाच सहन नाही होणार.

तू सांगलीहून लग्न होऊन आलीस तेव्हा पहिल्याच हप्त्यात माझ्यावर हसलीस. मी आतून आवाज दिला होता, "सुषमा, सब्जी जळून राहिली आहे, गॅस बंद कर." आणि तू फसकन हसलीस. मी कढई उतरवली आणि दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तुला कळेना काय झालं. मग तू माझ्यासमोर येऊन जमिनीवर बसलीस, म्हणालीस, "आई, मी तुम्हाला नाही हसले." मी म्हटलं, "मग कोणाला? भिंतीला?" तू म्हणालीस, "मला मजा वाटली. आमच्याकडे असं नाही बोलत. मला शिकवा ना." मी म्हटलं, यात काय शिकवायचं, इंदौरमधे सगळे असंच बोलतात. तर दुसऱ्या दिवशी सकाळी तू ओट्यापासून ओरडलीस, "आई, दूध उतून राहिलं आहे." इतकं बरोबर बोललीस की मला पदर तोंडावर धरावा लागला. तू ते बघितलंस. मी ओट्याकडे तोंड केलं तरी बघितलंस.

मला हसण्याची भीती होती, ते तुला नंतर कळलं. देपालपुरला शाळेत होते तेव्हा मास्तर मला टेबलावर उभं करायचे. पाटीवर मी चुकीचं लिहिलेलं असायचं, ती पाटी सुतळीने माझ्या गळ्यात बांधायची आणि सगळ्या वर्गाला म्हणायचं, हसा. पोरं हसायची. न हसतील तर त्यांना मार. तिसरीनंतर वडील म्हणाले बस झालं, मला बरंच वाटलं. पुढे लग्न, मग मिल बंद पडली, विवेकचे वडील घरी बसले आणि बसल्या बसल्याच एक दिवस गेले. मी राजेंद्र नगरमधे बंगल्यांवर पोळ्या लाटायला जायचे. तिथे बाई हसली तर आपण थोडं हसायचं, नाही तर मान खाली, हात चालू. त्यात विवेक शिकला, मोठा झाला, आता आपण त्याच राजेंद्र नगरमधे राहतो. मी कोणाची तक्रार नाही करत. पण हसणं म्हणजे कोणीतरी टेबलावर उभं आहे, एवढंच मला माहीत होतं.

तुला सिमरोलकडची शाळा मिळाली तेव्हा तू रोज बसने जायचीस आणि संध्याकाळी उतरलेल्या तोंडाने यायचीस. शेतावर राबणाऱ्यांची पोरं, तिथल्या मोठ्या कॉलेजच्या कॅम्पसमधे झाडू-पोछा करणाऱ्यांची पोरं. तू म्हणायचीस, "आई, बोलतच नाहीत. प्रश्न विचारला की सगळे खाली बघतात. एक रानू आहे, तिचा आवाज कसा आहे तेच मला ठाऊक नाही." मी म्हटलं, "चूप बसतात तर चांगलंच आहे. दुसऱ्या मास्तरणी तर याच्यासाठी रडतात." तू म्हणालीस, "चूप नाहीत आई, घाबरलेत. चुकू म्हणून घाबरलेत."

मग नवरात्र आलं. कॉलनीत आपल्या मराठी बायकांचा भोंडला होता. गाणी झाली, फेर झाला आणि शेवटी मी खिरापतीचा डबा आणला, आपला तो पितळी, माझ्या आईचा, जड. झाकण लावून हलवला. आणि सगळ्या ओरडायला लागल्या. शेंगदाणे, लाडू, साबूदाणा, फुटाणे. सगळं चूक. जेवढं चूक तेवढ्या जास्त हसत होत्या. ती कोपऱ्यावरच्या घरातली सून, जी कधी तोंड उघडत नाही, तिने पण "चकली" म्हणून आवाज दिला. मी म्हटलं, चूक. ती खुश. तू माझा हात धरलास. म्हणालीस, "आई, बघा. इथे चुकायला कोणीच घाबरत नाही."

सोमवारी तू डबा शाळेत नेलास. घरून स्वतःच भरून नेलास, मुरमुरे. संध्याकाळी आलीस तर नाराज. "नाही जमलं आई. ते डब्याकडे बघतच नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात. मी जरा खुश दिसले की सगळे तेच म्हणतात." मी चाय गाळत होते. मी म्हटलं, "तुला ठाऊक असेल तर बघणारच ना. भोंडल्यात डबा आणणारी वेगळी असते, ओळखणारी वेगळी." तू कप खाली ठेवलास. मग म्हणालीस, "तुम्ही भरा. मला सांगू नका."

तेव्हापासून दर शुक्रवारी रात्रीचं जेवण व्हायच्या आधी मी डबा भरायचे, तुला बाहेरच्या खोलीत बसवून. शनिवारी तू तो न उघडता न्यायचीस. शेवटच्या तासाला खेळ. नियम तू केलास. आधी विचारायचं, गोड की नमकीन, शेतातलं की झाडावरचं, मग हलवून बघायचं, मग सांगायचं. जो सांगेल त्याने ते फळ्यावर लिहायचं, येईल तसं. आणि जो हरेल त्याने ऊंट बनून दारापर्यंत जायचं. एक हात पुढे उंच, ती मान. एक हात पाठीवर, ते कुबड. ओठ लोंबलेले. डबा एकदा भरला की बदलायचा नाही, हा पण नियम होता. आणि मॅडमने पण ओळखायचं, हरली तर मॅडमने पण चालायचं.

थंडीत मी एकदा गराडूचा कंद ठेवला. कच्चा, मातीसकट, केसाळ. इंदौरमधे थंडीत गराडू तळून सगळे खातात, पण तू तर गाडीवरचा तळलेलाच बघितला होतास. पोरांनी वासावरूनच ओळखला, शेतातली पोरं ती. तू झाकण उघडलंस आणि म्हणे ओरडलीस, "ये कौनसा जानवर है?" वर्ग आडवा झाला हसून. आणि तेव्हा मागून आवाज आला, बारीक. रानूचा. "मॅडम, आप हार गए. ऊंट बनो."

तुझ्यासमोर बोललेली तिची पहिली गोष्ट ती. तू ऊंट बनून दारापर्यंत गेलीस, दारातून परत आलीस. मग रानूने सांगितलं म्हणे, गराडू कसा खोदतात, किती खोल जावं लागतं, वेल कशी असते. आख्खा तास ती शिकवत होती आणि तू तिच्या जागेवर बसून ऐकत होतीस. घरी आलीस तर चप्पल काढायच्या आधी ओट्यासमोर ऊंट चालून दाखवलास. मी म्हटलं, "बस कर, शेजारचे बघतील." तू म्हणालीस, "बघू दे. आई, ती बोलली."

शनिवारची संध्याकाळ मग अशीच व्हायची. तू यायचीस, जमिनीवर बसायचीस आणि कोण काय म्हणालं ते सगळं आवाज काढून सांगायचीस. एका पोरीचा बाप तक्रार घेऊन आला होता, "हम छोरी को पढ़ने भेजते हैं मॅडम, ऊंट बनने नी भेजते." तू डबा त्याच्यासमोर धरलास, "आप बताओ भिया, क्या है?" तो चिडून निघाला, गेटपर्यंत गेला, परत आला. "था क्या उसमें?" कवठ होतं. मी तेव्हा पण पदर लावला. तू म्हणालीस, "आई, एक दिवस मी तुम्हाला पदराशिवाय हसवणार." मी म्हटलं, "पोळी खा, थंड होऊन राहिली आहे."

आपलं भांडण चालायचं, ते लोकांना काय ठाऊक. शोकसभेत सगळे म्हणाले सासू-सुना मैत्रिणी होत्या. मैत्रिणी कसल्या. मी तुला शेवटपर्यंत म्हणत होते, हे चूक करतेस. तू म्हणायचीस, घाबरलेल्या पोराच्या डोक्यात काही शिरत नाही. मी म्हणायचे, घाबरूनच शिरतं, मला पाढे आज पण येतात. तू म्हणायचीस, "येतात. पण तुम्ही पुस्तक उघडता का कधी?" मी पोळी उलटवायचे. मग मी म्हटलं, मास्तरवर पोरं हसली तर मास्तरचं काय राहिलं? तर तू म्हणालीस, "तुमच्या शाळेत एकाला वर चढवून सगळे हसायचे. माझ्या वर्गात मीच आधी खाली बसते. मग कोणाला कोणाची भीती?"

ते पण ठीक. पण माझी खरी गोष्ट वेगळी होती, ती मी नंतर बोलले. आपण दोघी मटार सोलत होतो. मी म्हटलं, "पुढच्या साली त्यांना दुसरा मास्तर येईल. त्याला ही पोरं म्हणतील ऊंट बनो. तो कानाखाली देईल. मग? तू त्यांची भीती काढून टाकलीस, पण मार तर तिथेच आहे. सुखाची सवय नको लावू, सुषमा. सवय नसली की माणूस सहन करून घेतं. मी केलं ना." तू हातातली शेंग सोललीस. मग म्हणालीस, "एक साल तर हसतील."

"एका सालाने काय होतं?"

"ते मला पण नाही माहीत, आई."

तिथे ते भांडण थांबलं. मटार संपले, तू उठलीस. मला वाटलं पुन्हा कधी बोलू. मी उत्तर शोधूनच ठेवलं होतं, तुला गप्प करणारं, की तू वर्गातून गेलीस की ते हसणं पण जाईल. आता ते उत्तर खरं होऊन बसलंय आणि मला ते नको आहे.

आता त्या शेवटच्या डब्यावर येते. विवेकने पेन खाली ठेवलं होतं, मी म्हटलं, उचल.

त्या शुक्रवारी मी डबा घेऊन उभी राहिले आणि मला काही सुचेना. सगळं झालं होतं, रेवडी, बोरं, चिंच, भाजलेले हरभरे, खोबऱ्याचा तुकडा. कधी आवाज होऊ नये म्हणून फडक्यात गुंडाळून ठेवायचे, ते पण पोरांना ठाऊक झालं होतं. मी डबा नुसताच पुसला. आणि पुसता पुसता मनात आलं, काहीच नाही ठेवलं तर? पितळ जड आहे, वजनावरून कळणार नाही. सगळे ओळखत बसतील, गोड की नमकीन, शेतातलं की झाडावरचं, फळा भरून लिहितील, सगळे हरतील, मॅडम पण हरेल, आणि उघडलं तर आत काही नाही. सगळा वर्ग ऊंट. मला तुझं तोंड दिसायला लागलं. संध्याकाळी येशील, दारातूनच म्हणशील, "आई, हे काय केलंत?"

सुषमा, मी जन्मात कोणाची मस्करी केली नाही. माझ्या आईची नाही, नवऱ्याची नाही, विवेक लहान होता त्याची पण नाही. ती पहिली. मी झाकण दाबून लावलं आणि तुला म्हटलं, "ने." रात्री मला झोप नव्हती येत, आणि दुःखाने झोप न येणं मला चांगलं ठाऊक आहे, हे तसं नव्हतं.

सकाळी बसमधून तुझा फोन आला. मागे कंडक्टर ओरडत होता. तू म्हणालीस, "आई, हलवून बघितला. वाजत नाहीये."

मी म्हटलं, "बघायचा नसतो, बेईमान."

"फडकं लावलंय ना?"

"मी नाही सांगणार."

"जरा तरी."

"आज तू हरणार," मी म्हटलं.

तू हसलीस. म्हणालीस, "बघू." आणि फोन ठेवलास. बस.

खेळाच्या तासाआधीच, फळ्यावर लिहिता लिहिता तू खुर्चीवर बसलीस, पाणी मागितलंस, म्हणे. डोक्यात नस फुटली असं दवाखान्यात सांगितलं. मी गेले तेव्हा तुझ्या बोटांना खडू होता. नर्स पुसायला आली, मी म्हटलं राहू दे. बाकी मला काही सांगायचं नाही त्या दिवसाचं. तू आमच्यासाठी भरपूर केलंस, आम्ही तुझ्यासाठी काही करू शकलो नाही, एवढंच.

तेरावं झालं आणि शाळेतल्या बडे सरांचा, म्हणजे हेडमास्तरांचा, फोन आला. मला म्हणाले, "माताजी, वो डब्बा टेबल पर ही रखा है. बच्चे हाथ नहीं लगाने देते. नए सर ने अलमारी में रखना चाहा तो रोने लगे. आप शनिवार को आकर खोल दो. मॅडम की आखिरी चीज है, बच्चों को मिल जाएगी."

मॅडम की आखिरी चीज. मी फोन हातात धरून बसून राहिले. विवेक म्हणाला, काय झालं. तेव्हा मी त्याला सांगितलं, तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

"डबा रिकामा आहे."

"म्हणजे?"

"मी काही ठेवलंच नव्हतं. गंमत म्हणून."

मला वाटलं ओरडेल, तो कधी ओरडत नाही. म्हणाला, "गंमत? तू?"

"हो."

मग तो उठून खिडकीपाशी गेला. म्हणाला, "आई, आपण लवकर जाऊ. पोरं यायच्या आधी पेढे भरून ठेवू. कोणाला कळणार आहे?"

"पोरांनी हलवून बघितलाच असेल. वाजत नाही हे त्यांना ठाऊक असणार."

"फडक्यात ठेवू."

"भरलेला डबा बदलायचा नाही, असा तिचा नियम आहे."

"तिला काय कळणार आता," तो म्हणाला, आणि मग आपल्याच बोलण्याने त्याचं तोंड असं झालं की मी आत निघून गेले. रात्रभर विचार केला. पोरांनी इतके दिवस जपलेला डबा, आणि त्यात काही नाही. ती मला काय म्हणतील ते सोड, तुला काय म्हणतील? मॅडम गेली आणि काही ठेवून नाही गेली. दुसऱ्या बाजूने, पेढे ठेवले तर तो माझा खोटेपणा, तुझ्या खेळात. तू असतीस तर विचारलं असतं. पण तू असतीस तर विचारायची गोष्टच नव्हती.

विवेकने पेढे घेतले होते पिशवीत. मी म्हटलं, ते नंतर वाट, डब्यात नाही.

पहिल्यांदाच तुझी शाळा बघितली मी. इतके शनिवार डबा पाठवला आणि शाळा बघितली नव्हती. तू सांगायचीस त्याच्यापेक्षा लहान आहे. नवीन सर तरणे आहेत, वाईट नाही वाटले, माझ्यासाठी खुर्ची पुसून दिली. पण टेबलावर फुटपट्टी होती, डब्याच्या शेजारी. पोरं हात बांधून बसली होती. सगळी खाली बघत होती. तू सुरुवातीला सांगायचीस ना, तशी.

बडे सर म्हणाले, "बच्चों, डब्बे वाली दादी आई है." कोणी हललं नाही. मी विचारलं, रानू कौन? मागून एक उभी राहिली, तेल लावून दोन वेण्या. मी म्हटलं, "पूछो."

तिने आधी नवीन सरांकडे बघितलं. मग विचारलं, "मीठा कि नमकीन?"

मी म्हटलं, "दोनों नहीं."

"खेत का कि पेड़ का?"

"दोनों नहीं."

वर्गात हळूहळू डोकी वर आली. डबा हातोहात गेला, सगळ्यांनी कानाला लावला, हलवला, पुढच्याला दिला. आणि मग त्यांनी ओळखायला सुरुवात केली, सुषमा. मला वाटलं होतं कापूस म्हणतील, कापूर म्हणतील. एक म्हणाला, "मॅडम का रुमाल." दुसरी म्हणाली, "मॅडम का चश्मा." कोणी म्हणालं फोटो. कोणी म्हणालं, "मॅडम ने हमारे लिए कुछ लिखा होगा." एकेकजण उठून फळ्यावर लिहून येत होता, जसं येईल तसं, आणि फळा तुझ्याच वस्तूंनी भरला. रानूने सगळ्यात शेवटी लिहिलं. मला वाचायला वेळ लागतो, मी अक्षर अक्षर लावून वाचलं. मॅडम की हंसी.

मी झाकण काढलं. बसलं होतं घट्ट, विवेक पुढे आला तर मी म्हटलं नको. काढलं आणि डबा त्यांच्याकडे वळवला.

रानूने पुढे येऊन आत बघितलं. हात घालून बघितला. मग वर्गाकडे वळून म्हणाली, "इमें तो कंई नी है."

मी विचार केला होता काय सांगायचं ते. की ही गंमत होती, मॅडमला हरवायची. सगळं पाठ करून नेलं होतं. मी म्हटलं, "मैंने कुछ रखा ही नहीं था. मॅडम को हराना था." एवढंच निघालं. एक पोरगी रडायला लागली, आवाज न करता. बडे सर जमिनीकडे बघत होते.

मग रानू म्हणाली, "तो सब हार गए." आणि तिने हात वर केला, एक पाठीवर ठेवला आणि दाराकडे चालायला लागली. तिच्यामागे दुसरा उठला. मग सगळे. आख्खा वर्ग रांगेत ऊंट बनून दारापर्यंत गेला आणि परत आला, आणि कोणी हसलं नाही. मी असं काही बघितलं नाही कधी. ओठ लोंबलेले, माना उंच, नुसता पायांचा आवाज. तू त्यांना नियम शिकवलास तो त्यांनी पाळला. हसणं त्यांच्याकडे उरलं नव्हतं.

जागेवर बसल्यावर रानू मला म्हणाली, "दादी, मॅडम को मालूम था क्या?"

"नहीं."

"तो मॅडम भी हारे."

"हां."

"मॅडम का ऊंट बाकी है."

नवीन सर म्हणाले, "बैठ जाओ बेटा." आवाज चढवला नाही, नुसती फुटपट्टी सरळ केली टेबलावर. ती बसली. पण तिने माझ्याकडे बघणं नाही सोडलं.

मी उठले. माझे गुडघे कसे आहेत तुला ठाऊक आहे, तूच तेल चोळायचीस. पदर खोचला. एक हात वर केला, एक मागे ठेवला. देपालपुरनंतर मी वर्गात कधी अशी सगळ्यांसमोर उभी राहिले नव्हते. चालले. दारापर्यंत जायला मला फार वेळ लागला. विवेक एव्हाना बाहेर व्हरांड्यात जाऊन तोंड फिरवून उभा होता. मधे माझा पाय वाकडा पडला, मी भिंत धरली, आणि मागून एक आवाज आला, अर्धाच. हसण्याचा. मी वळून बघितलं, रानू होती. आणि मी बघितलं तोवर तिने ओढणी तोंडावर धरली होती, दोन्ही हातांनी, घट्ट. डोळे सरांकडे.

ते मी ओळखते ना. जन्मभर मी तेच केलं.

मला म्हणायचं होतं, हास बेटा. हास, मी सांगते. तू असतीस तर एका मिनिटात तो हात तिच्या तोंडावरून काढला असतास. माझ्या तोंडातून काही निघालं नाही. मी दारापर्यंत गेले, परत आले, खुर्चीवर बसले. विवेकने पेढे वाटले, पोरांनी दोन्ही हातांनी घेतले, धन्यवाद म्हणाली. निघताना नवीन सरांनी डबा माझ्या हातात दिला. "ये ले जाइए माताजी, यहां बच्चों का ध्यान जाता है." चूक नाही त्यांचं. आम्ही बसने परत आलो, डबा मांडीवर.

तू हरलीस, सुषमा, आणि तुझा ऊंट मी चालून आले. तेवढा हिशोब पूर्ण झाला. भांडणात मी जिंकले, मार तिथेच होता, मी म्हटलं होतं तसंच झालं. पोरांना सवय नको लावू म्हणत होते, आणि शनिवारी संध्याकाळी दारात चप्पल वाजली की ओट्यापासून वळून बघायची सवय मला कधी लागली ते माझं मलाच कळलं नाही. आता ती मोडायला माझ्याकडे उमर नाही. डबा फळीवर आहे. विवेक म्हणतो त्यात डाळ भरू. मी म्हटलं राहू दे.

एकच गोष्ट सांगायची राहिली, ती तुला फोनवर सांगता आली असती. त्या शुक्रवारी झाकण लावतानाच मी ठरवलं होतं. शनिवारी तू दारातून ओरडत आलीस की मी ओट्याकडे तोंड नव्हते करणार. पदर खालीच ठेवणार होते.